पहिल्यांदाच आर्माडाच्या स्पर्धेला उतरताना: मोठं जहाज की लहान चार, आणि वळायचं कधी

स्टार वॉर्स आर्माडा म्हणजे टेबलावर अवकाशजहाजांची छोटी मॉडेलं हलवून लढायचा खेळ. त्याबद्दल फोंड्याहून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: "काका, घरी भावाबरोबर स्टार वॉर्स आर्माडाचे वीसेक डाव खेळलेय. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच प्रादेशिक स्पर्धेला उतरतेय. ४०० पॉइंटांचा ताफा, दिवसभरात तीन डाव. आमच्याकडे एक इंपीरियल स्टार डिस्ट्रॉयर, दोन ग्लॅडिएटर आणि दोन गोझांटी आहेत. पॉइंट मोठ्या जहाजावर घालू की लहान चार बळकट करू? आणि फासे साथ देईनात तेव्हा काय करायचं?"

बाय, आधी हिशेब करून टाकू. डिस्ट्रॉयरचं दुसरं मॉडेल १२० चं, पहिल्या मॉडेलचे ग्लॅडिएटर ५६ चे दोन, साध्या गोझांटी २३ च्या दोन. झाले २७८. सेनापती स्क्रीड घेतलास तर त्याचे २६, म्हणजे ३०४. उरले ९६. त्यातले साधारण ३५ डिस्ट्रॉयरच्या जादा सामानावर, प्रत्येक ग्लॅडिएटरवर आठ-दहा, आणि बाकीची लहान विमानं, निदान समोरच्याच्या विमानांना अडवून धरण्यापुरती. नियमाने विमानांवर १३४ पर्यंत घालता येतात, पण तुझ्या ताफ्याला तेवढ्यांची गरज नाही. चार-पाच पॉइंट मुद्दाम शिल्लक ठेव. ज्याची बेरीज कमी, तो पहिला कोण हे ठरवतो. पाच जहाजं म्हणजे राउंडमध्ये पाच वेळा तुझी पाळी. गोझांटी आधी हलवून समोरच्याला त्याचे पत्ते उघडायला लावायचे आणि डिस्ट्रॉयर शेवटी काढायचा, एवढं साधलं तरी ताफा चांगला आहे. याहून ताफ्याच्या यादीवर डोकं शिणवू नकोस. ताफ्याच्या याद्या घासत बसणारे आमच्यात खूप आहेत. यादी बघून मान डोलवावी अशी, आणि तिसऱ्या राउंडला जहाज टेबलाच्या कोपऱ्यात अडकलेलं.

तू विचारलं नाहीस, पण स्पर्धा ज्यावर जाते ते हे: या खेळात जहाज आधी मारा करतं आणि मग हलतं. वाचायला अगदी साधी ओळ आहे, पण अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली. आता जिथे सरकशील तिथून मारा पुढच्या राउंडला होणार, आणि तोवर समोरचा तिथे उरलेला असेल का, हे तुला आज ओळखायचंय. त्यावर डायलचा, म्हणजे हुकूम लपवून लावायच्या चकतीचा प्रकार. डिस्ट्रॉयरची कमांड ३. पहिल्या राउंडला तीन डायल एकावर एक रचायचे, वरचा उघडायचा, आणि पुढे दर राउंडला नवा डायल तळाशी सरकवायचा. बोटांवर मोजून बघ: चौथ्या राउंडला जो हुकूम उघडणार तो तू दुसऱ्या राउंडला लावलेला असतो. चौथा राउंड म्हणजे ऐन धुमश्चक्री. तेव्हा वळायचं असेल तर दुसऱ्या राउंडला, जेव्हा अजून कोणाच्या ढालीला ओरखडाही नाही, तेव्हा नेव्हिगेट, म्हणजे वेग-वळणाचा हुकूम लावलेला हवा. ग्लॅडिएटरची कमांड २ आणि गोझांटीची १, म्हणून ती चपळ. मोठं जहाज बळकट असतं, पण मनात आलं की वळत नाही.

मी चोडणचा. अर्धं आयुष्य रायबंदरच्या फेरीबोटीत गेलं. जुन्या फेरीबोटीचा चालक बघ कधीतरी. ओहोटीला मांडवीचं पाणी समुद्राकडे ओढत असतं तेव्हा तो नाक रायबंदरच्या धक्क्यावर धरत नाही, बरंच वर, प्रवाहाच्या अंगाला धरतो. नवख्या माणसाला वाटतं हा कुठे निघाला. आणि धक्का हाकेच्या अंतरावर आला की तो इंजिन कमी करतो, तेव्हा स्कूटरवाले आधीच किल्ली फिरवून बसलेले असतात. धक्क्याला टेकताना ब्रेक मारायचा म्हटलं तर तिथे ब्रेकच नाही. डिस्ट्रॉयर अगदी तसाच. डायलवर वेग ३ असला की ३ ने जावंच लागतं, कुठेही जा. नेव्हिगेटच्या डायलने वेग एकाने बदलतो आणि वळणाची एक जादा खटकी मिळते, डायल न वापरता त्याचं टोकन करून साठवलं तर त्या टोकनने फक्त वेग एकाने बदलतो. दोन्ही जवळ असतील तर ३ वरून १ वर येता येतं. म्हणून पहिल्या राउंडला, जेव्हा मारा होणारच नसतो, डिस्ट्रॉयरचा वरचा डायल नेव्हिगेट ठेव आणि त्याचं टोकन करून बाजूला लाव. ते टोकन म्हणजे आडवेळेचे पैसे, चहापाण्यावर उडवायचे नाहीत.

मी उडवले होते. माझी दुसरीच प्रादेशिक स्पर्धा, तिसरा डाव, पाचवा राउंड. मी दुसऱ्या क्रमांकावर होतो. माझे १३८, समोरच्याचे ४६, म्हणजे ९२ ने पुढे. माझा डिस्ट्रॉयर सामानासकट १५७ चा, वेग ३, डाव्या कडेकडे चाललेला. टोकन दुसऱ्या राउंडला उगाच खर्चलेलं, कारण जरा लवकर पोचून मारा करायची घाई. पाचव्याचा डायल उघडला तर इंजिनिअरिंग. तिसऱ्या राउंडला ढाली दुरुस्त करायच्या विचाराने लावला होता. ढाली भरल्या छान. मग चालीची सांधेपट्टी बाजूला लावली, प्रत्येक सांध्याला मिळेल तेवढी खटकी दिली, कट् कट्, आणि जहाज उचलून टोकाला ठेवलं. पुढचा डावा कोपरा कडेबाहेर. नियम असा की ढालींचे डायल आणि त्यांच्याभोवतीची प्लास्टिकची चौकट मोजायची नाही, पण तळाचा बाकी कुठलाही भाग बाहेर गेला तर जहाज नष्ट. मी म्हटलं, बाहेर गेलीय ती चौकटच आहे. पंच आले, गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून टेबलाच्या पातळीला आणला. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी अंगठ्याचं नख कोपऱ्याला लावून दाखवलं: पुठ्ठा नखभर बाहेर. १५७ गेले. १३८ विरुद्ध २०३. सात गुणांच्या जागी चार, आणि मी दुसऱ्यावरून सहाव्यावर.

त्या रात्री फेरीबोटीत उभा असताना एक गोष्ट सुचली, ती तुला फुकट देतो. जहाज दुसऱ्या जहाजावर चढणार असेल तर नियमाने त्याचा वेग त्या चालीपुरता एकेकाने कमी होतो, आणि दोघांना एकेक पालथं नुकसानीचं कार्ड मिळतं. माझा ग्लॅडिएटर तिथेच मागेपुढे घुटमळत होता. तो आधी हलवून डिस्ट्रॉयरच्या वाटेत आणून ठेवला असता तर डिस्ट्रॉयर त्याला धडकून थांबला असता. दोन कार्डांत १५७ वाचले असते. आपल्याच जहाजाला मुद्दाम धडकून ब्रेक लावणं हा सभ्य आणि कायदेशीर उपाय आहे, घरी करून बघ.

वेग उतरवताना एकच सांभाळ: शून्यावर आणू नकोस. शून्य वेगाच्या जहाजाला बचावाचं एकही टोकन वापरता येत नाही. गोव्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांची युद्धनौका 'आफोन्सो द आल्बुकेर्क' मुरगाव बंदरात नांगर टाकून उभी होती, आणि आपल्या नौदलाच्या बेतवा आणि ब्यास चालून आल्या. तिने नांगर उचलला, तोफाही चालवल्या, पण बंदराच्या पाण्यात फिरायला जागा ती किती. शेवटी मार खाऊन बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. तुझ्या टेबलावरही डिस्ट्रॉयरची ब्रेस, रिडायरेक्ट ही बचावाची टोकनं वापरता येतात तोवरच तो डिस्ट्रॉयर. ब्रेस नुकसान निम्मं करतं, पाचचे तीन. शून्य वेगाला पाचचे पाचच.

आता गुण कसे मिळतात ते बघ, कारण 'वळायचं कधी' याचं उत्तर त्यात आहे. फोडलेल्या जहाजांची आणि विमानांची किंमत आणि उद्दिष्टाची टोकनं मिळून तुझे पॉइंट. दोघांच्या पॉइंटांतला फरक ५९ पर्यंत असला तर ६-५, १३९ पर्यंत ७-४, २१९ पर्यंत ८-३, २९९ पर्यंत ९-२, आणि ३०० किंवा त्याहून जास्त असला तर १०-१. बरोबरी झाली तर दुसऱ्या क्रमाने खेळणारा जिंकतो. म्हणजे तिन्ही डाव थोडक्यात जिंकणाऱ्याचे १८. दोन डाव दणदणीत जिंकून तिसऱ्यात साफ धुलाई झालेल्याचे १०, १० आणि १, म्हणजे २१. आणि दोन डाव ८-३ ने जिंकून तिसरा दहा-वीस पॉइंटांनी हरणाऱ्याचेही २१. हे तिसरं गणित नवख्यांना दिसत नाही. जिंकल्यावर आणखी ओरबाडायच्या नादात ते जहाज घालवतात, आणि हरायला लागल्यावर आता काय उरलंय म्हणत सगळंच झोकून देतात. हरून पाच गुण मिळणं आणि हरून एकच मिळणं यात चार गुणांचा फरक आहे, आणि ते चार गुण मिळवायला शौर्य लागत नाही, योग्य वेळी पाठ फिरवावी लागते.

म्हणून दुसऱ्या राउंडला, डायल लावायच्या आधी, दर डावात मी स्वतःला एकच विचारतो: चौथ्याला माझं मोठं जहाज शत्रूच्या आरपार जाणार की कडेने निसटणार? उत्तर काहीही असो, पण असलं पाहिजे. आरपार जायचं तर चौथ्याला पुढच्या बाजूच्या माऱ्याला एक फासा वाढवणारा कॉन्संट्रेट फायर, निसटायचं तर नेव्हिगेट. समोरचा काय करतो ते बघून ठरवू म्हणणाऱ्याचा डायल चौथ्याला नेहमी चुकीचा निघतो.

मांडणीकडे येऊ. टेबल ६ बाय ३ फूट, आणि जहाजं आपल्या कडेपासून मोजपट्टीवरच्या ३ या अंतराच्या आत ठेवायची. आळीपाळीने, एका पाळीला एक जहाज किंवा दोन विमानं. तुझ्याकडे पाळ्या भरपूर आहेत, तर गोझांटी आणि विमानं आधी टाक. डिस्ट्रॉयर शेवटून दुसरा, आणि अगदी शेवटी तो ग्लॅडिएटर जो पाठलाग करणार आहे. ग्लॅडिएटरच्या दोन्ही कुशींना चार-चार काळे फासे आहेत आणि काळे फासे फक्त जवळून चालतात, तेव्हा तो शत्रूला समांतर जाईल अशा अंगाने ठेव. डिस्ट्रॉयर सरळ टेबलाच्या मध्यावर रोखू नकोस. तिरका ठेव, म्हणजे दुसऱ्या राउंडला दोन वाटा उघड्या राहतात. एवढा एक सल्ला पाळलास तरी माझं टंकन वसूल.

उद्दिष्टाची तीन कार्डं तू नेतेस, पण तू दुसरी असलीस तर त्यातलं एक समोरचा निवडतो. त्यामुळे तिन्ही अशी घे की त्याने सगळ्यात वाईट उचललं तरी तुला घाम फुटू नये. मला स्वतःला सुपीरियर पोझिशन्स आवडतं. पहिल्याने सगळी मांडणी आधी करायची, आणि मागच्या बाजूला मारा करून नुकसानीचं कार्ड लावलं की १५ पॉइंटांचं टोकन. आंग्र्यांच्या आरमाराची हीच रीत. गलबतं वल्ह्यांवर चालायची, वारा पडला की गुराबा, म्हणजे मोठी शिडाची जहाजं, ओढून न्यायची, आणि मोठ्या जहाजाच्या तोफा कुशींना असतात म्हणून पिछाडीला जाऊन भिडायची. तुझे ग्लॅडिएटर ही गलबतं. पण लक्षात ठेव, तुझ्याही डिस्ट्रॉयरला पिछाडी आहे आणि तिथे ढाली दोनच.

फाशांचं विचारलंस. आठ पैलूंचे तीन रंग. लाल आणि निळा सरासरीने प्रत्येकी पाऊण नुकसान देतात, काळा पुरतं एक. डिस्ट्रॉयरच्या पुढून चार लाल, चार निळे, म्हणजे सरासरी सहा. पण लालाचे आठातले दोन पैलू कोरे, आणि निळ्यावर दोनदा नुकसानाऐवजी अचूकतेचं चिन्ह. नवखे त्यावर चुकचुकतात. मी तर निळी अचूकता आली की खूश होतो, कारण तिने समोरच्याचं ब्रेस कुलूपबंद होतं, आणि ते झालं की सहाचे सहा लागतात. सहा येतील असं धरून बेत करू नकोस, चार धर. चारावर बेत उभा राहत असेल तर मारा कर, नाही तर एका जहाजाचा मारा दुसऱ्याच्या मागे लाव. फासे साथ देत नाहीत असं म्हणणाऱ्याचे डाव मी बघितलेत. बहुतेकदा त्याने लांबून, मधे उल्केची आड असताना, एक फासा कमी घेऊन मारलेलं असतं.

सामानाचं थोडं. पुढचा महिना म्हणजे पाऊस. जहाजं रंगवूनच येतात, पण विमानं कोरी असतात, आणि आयत्या वेळी ती रंगवायचा मोह होतो. जुलैत स्प्रेचा प्रायमर मारू नकोस, दमट हवेत त्यावर दुधी झाक चढते. ब्रशने मार. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तेच, जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी धूळ बसते, तेव्हा थेंबभरच वापर आणि पंख्याखाली ठेव. कार्डं पिशव्यांत घाल, नाही तर शेवरीच्या शेंगेसारखी वाकतात. ऊन पडलं तर बंद गाडीत डबा ठेवून जेवायला जाऊ नकोस. विमानांचे पाय वाकले तर गरम पाण्यात बुडव, सरळ कर, लगेच गार पाण्यात. आणि आता बाजारात या खेळाचं नवीन काही येत नाही, माझे अर्धे खोके जहाजावर नोकरी करणाऱ्या एका तारवटी मावसभावाने वेगवेगळ्या बंदरांतून आणून दिलेत. त्यामुळे थ्री-डी प्रिंट केलेलं किंवा बदली जहाज चालेल का, हे आयोजकांना आजच विचार, सकाळी हॉलवर नको. एकदा एका मुलाला दारातून ताफा बदलावा लागला होता, बिचाऱ्याचा दिवस तिथेच संपला.

सरावाला ८ बाय ४ ची प्लाय आणून मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून ६ बाय ३ कापून घे, उरलेली पट्टी बाबांना माळ्यावर लागतेच. भावाबरोबर पूर्ण डाव खेळण्यापेक्षा दोन आठवडे फक्त डिस्ट्रॉयर चालव. चालीची पट्टी नियमाने आपल्या चालीच्या वेळीच लावता येते, म्हणून ती लावण्याआधी जहाज कुठे पोचेल तिथे एक नाणं ठेव. मग हलवून बघ. नाणं तळाखाली यायला लागलं की स्पर्धेला तयार झालीस. मला दीडेकशे चालींनंतर जमलं.

एका डावाला सव्वादोन तास, आणि पहिल्या डावात वेळ कुठे जातो ते कळत नाही. मांडणीला वीस मिनिटांच्या वर देऊ नकोस. समोरचा रेंगाळत असेल तर हसून म्हण, "दादा, सहा राउंड पुरे करूया ना." दोनदा म्हणूनही फरक नाही पडला तर पंचांना बोलव, त्यात भांडण काही नाही. मोजताना मोठ्याने सांग: "मी या जहाजाच्या पुढच्या बाजूपासून मोजतेय, मध्यम अंतर, बरोबर?" समोरच्याने हो म्हटलं की पुढे वाद उरत नाही. तुझ्या वयाच्या मुलीला टेबलावर नियम समजावून सांगणारा एखादा काका भेटेलच. त्याला नियमाचं पान उघडून दाखवायला लाव, निम्म्या वेळा ते पान सापडत नाही.

आणि जेवण. सकाळी पातळभाजी-पाव खाऊन निघ, पण दुपारी हुमण-भातावर आडवा हात मारू नकोस. दुसरा डाव दोनच्या सुमाराला लागतो, अख्खा गोवा झोपलेला असतो, आणि चौथ्या राउंडचा डायल नेमका तेव्हा लावायचा असतो. मी डब्यात पोहे नेतो.

विमानांच्या पायाच्या कांड्या प्रवासात हटकून मोडतात. माझ्याकडे जादा डझनभर आहेत, त्या दिवशी निळ्या टिफिनच्या डब्यात असतील. लागल्या तर हक्काने माग.